सेलेनियमची कांडी आणि भर दुपारचे दिवे

डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,000 कोटी रुपयांच्या अर्धवाहक कार्यक्रमास मान्यता दिली, आणि तेव्हापासून देशातील विज्ञानवार्तांत ‘चिप’ हा शब्द जवळजवळ रोज भेटतो. कोणता कारखाना कोठे उभा राहणार, किती नॅनोमीटरचे तंत्र येणार, याची चर्चा होते आणि ती व्हावयास हवीच. परंतु अर्धवाहक या पदार्थवर्गाने माणसाला पहिला धक्का कोठे दिला, ही गोष्ट त्या चर्चेत सहसा येत नाही. तो धक्का एखाद्या सिद्धान्ताच्या शोधात असलेल्या प्रयोगशाळेत बसलेला नव्हता. समुद्राखालच्या तारेची चाचणी करणाऱ्या मंडळींना आपली मोजमापे जुळेनात, आणि त्या न जुळण्याचे कारण शोधताना तो बसला. आज मोटारीच्या काचेमागे बसून अंधार पडताच पुढचे दिवे लावणारा जो इवलासा संवेदक असतो, त्याची वंशावळ थेट तेथपर्यंत जाते. म्हणून ही कथा मी दोषशोधनाची कथा म्हणून सांगणार आहे.

प्रारंभ मुंबईपासून करू. फेब्रुवारी 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातील सर्वांत मोठे जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्राच्या तळाशी तार सोडीत निघाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये लंडन आणि मुंबई समुद्री तारेने जोडली गेली. उष्ण कटिबंधातील या सफरीसाठी जहाजाचा बाह्यभाग पांढरा रंगविला होता. याचे कारण शोभा नव्हे. तांब्याच्या तारेभोवती गटापर्चा या झाडाच्या चिकाचे आवरण असे, आणि तापमान वाढले की त्याची विद्युतरोधकता झपाट्याने घसरे. तार बनविणारी आणि टाकणारी कंपनी होती ‘टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स कंपनी’, आणि तिचे मुख्य विद्युततज्ज्ञ होते विलोबी स्मिथ.

तार टाकीत असतानाच तिची प्रकृती सतत तपासत राहणे, ही स्मिथ यांची पद्धत होती. तारेचे आवरण कोठे फाटले, तर ती जागा समुद्रात आणखी शंभर मैल पुढे जाण्यापूर्वी कळली पाहिजे. त्यासाठी किनाऱ्यावरील टोक एका फार मोठ्या, पण ठाम रोधातून जोडावे लागे. जहाजावरून रोधकतेचे मोजमाप अखंड चालू राहावे आणि त्याच वेळी किनाऱ्याशी संकेतांची देवाणघेवाणही व्हावी, अशी ती योजना होती. एवढा मोठा रोध सोयीस्कर आकारात मिळवायचा कसा? स्मिथ यांनी सेलेनियम निवडले. 5 ते 10 सेंटिमीटर लांबीच्या आणि एक-दीड मिलिमीटर जाडीच्या कांड्या त्यांनी काचेच्या नळ्यांत हवाबंद करून घेतल्या आणि दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा काढल्या. काही कांड्यांचा रोध 1,400 मेगओमपर्यंत भरला. जे हवे होते ते मिळाले होते.

आणि तरीही मोजमापे जुळेनात. एकाने मोजलेला आकडा दुसऱ्याला मिळेना. सकाळी एक, दुपारी दुसरा. या ठिकाणी थोडे थांबावे असे मला वाटते, कारण बहुतेक पाठ्यपुस्तके ‘1873 मध्ये स्मिथ यांनी सेलेनियमची प्रकाशसंवाहकता शोधली’ एवढे एक वाक्य लिहून पुढे सरकतात. त्या वाक्यात निष्कर्ष आहे, पण शोध नाही. एखाद्या व्यवहारी माणसाने या कांड्या निकामी ठरवून फेकून दिल्या असत्या, किंवा मोजणाऱ्या कारकुनाला हलगर्जी ठरविले असते. स्मिथ आणि त्यांचे सहकारी, ज्यांपैकी जोसेफ मे यांचे नाव या निरीक्षणाशी जोडले जाते, यांनी विसंगतीचाच पाठलाग केला.

त्यांनी कांडी सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवली. झाकण बंद असताना रोध सर्वाधिक आणि स्थिर. झाकण उघडताच संवाहकता 15 ते 100 टक्क्यांनी वाढे, प्रकाश जितका तीव्र तितकी अधिक. काही फुटांवरच्या गॅसच्या दिव्यासमोरून नुसता हात फिरविला तरी रोध 15 ते 20 टक्क्यांनी वर जाई. म्हणजे कारण प्रकाश. पण खरोखर प्रकाशच का? दिव्याबरोबर उष्णताही येते, आणि गटापर्चावर आयुष्य घालविलेल्या माणसाला तापमानाचा संशय पहिल्यांदा येणार हे उघड आहे. म्हणून कांडी पाण्याच्या पात्रात ठेवली गेली. प्रकाश सुमारे एक इंच पाण्यातून जाऊन कांडीवर पडेल अशी रचना केली. पाणी उष्णतेचे प्रारण मोठ्या प्रमाणात शोषते, प्रकाश मात्र जाऊ देते. निकाल तोच. मग पाण्याच्या वर नऊ इंचांवर मॅग्नेशियमची पट्टी पेटविली. रोध तत्क्षणी दोन-तृतीयांशांहून अधिक घसरला आणि पट्टी विझताच पूर्ववत झाला. एक घटक हलवायचा, बाकीचे जागच्या जागी ठेवायचे, हा साधा नियम त्या पाण्याच्या पात्रात जितका स्पष्ट दिसतो तितका मला क्वचितच अन्यत्र दिसला आहे.

हे सारे सांगणारे स्मिथ यांचे पत्र 4 फेब्रुवारी 1873 चे आहे आणि त्याच महिन्यात ते ‘नेचर’मध्ये छापून आले. (भिलाईकरांना ही तारीख ओळखीची वाटेल. आमच्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले तेही 4 फेब्रुवारीलाच, 1959 साली. योगायोग आहे, त्यापलीकडे काही नाही.)

प्रकाशाने रोध का बदलतो, याचे समाधानकारक उत्तर मिळायला जवळपास साठ वर्षे लागली. मधल्या काळात हाइनरिख हर्ट्झ यांना 1887 मध्ये अतिनील किरणांनी ठिणगी सुलभ होते हे दिसले, आणि आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये प्रकाशकणांच्या कल्पनेने प्रकाशविद्युत परिणामाचे स्पष्टीकरण दिले. पण तो परिणाम धातूच्या पृष्ठातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा आहे. सेलेनियममध्ये इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. तो पदार्थाच्या आतच बांधलेल्या अवस्थेतून मोकळ्या अवस्थेत जातो. अर्धवाहकांतील ऊर्जापट्ट्यांचे चित्र ॲलन विल्सन यांनी 1931 मध्ये मांडले, तेव्हा कोठे सेलेनियमच्या कांडीचे वर्तन नीट वाचता आले. विद्यार्थी या दोन परिणामांची गल्लत करतात. ती टाळावी, कारण मोटारीच्या इतिहासात दोन्ही येतात.

तत्पूर्वी एक भारतीय दुवा. जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये अमेरिकेत एका शोधकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते 29 मार्च 1904 रोजी मंजूर झाले, क्रमांक 7,55,840. त्यात गॅलिना, म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या स्फटिकावर टेकलेले धातूचे टोक होते. विद्युतचुंबकीय लहरींना ते प्रतिसाद देई आणि दृश्य प्रकाशालाही. बोस त्याला कृत्रिम दृष्टिपटल म्हणत. अर्धवाहक उपकरणाचे हे जगातील पहिले पेटंट मानले जाते, आणि रेडिओलहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक वापरण्याचे श्रेय ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी पुढे बोस यांना दिले. पेटंट घेण्याविषयी बोस स्वतः उदासीन होते. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे ते झाले.

दुसरा दुवा मराठी आहे आणि फारसा कोणाच्या स्मरणात नाही. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या श्रीधर सर्वोत्तम जोशी यांना क्लोरीनसारख्या वायूंतील विद्युतविसर्गावर प्रकाश टाकला असता प्रवाह वाढण्याऐवजी कमी होतो, आणि प्रकाश काढताच पूर्ववत होतो, असे आढळले. विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत आणि नंतरही त्यावर पुष्कळ काम झाले आणि ‘जोशी परिणाम’ या नावाने तो वाङ्मयात गेला. मोटारीच्या दिव्यांशी त्याचा काही संबंध नाही. पण प्रकाशाने वीज वाढलीच पाहिजे असे मनात धरून बसणाऱ्याला तो दिसलाच नसता, म्हणून येथे सांगितला.

आता मोटारीकडे. सुरुवातीच्या मोटारींचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकाच व्यवस्थेत बसविले आणि त्यानंतर दिव्याचा प्रश्न विद्युतमंडलाचा प्रश्न झाला. दिवा लावणे-विझवणे मात्र चाळीस वर्षे माणसाच्या हातीच राहिले. जनरल मोटर्सने 1952 मध्ये ‘ऑट्रॉनिक आय’ नावाचे उपकरण ओल्डस्मोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांत देऊ केले. डॅशबोर्डावर एखाद्या किरणबंदुकीसारखे उभे असलेले हे नळकांडे समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश पाही आणि वरचा झोत खाली उतरवी. आत निर्वात प्रकाशनलिका होती, म्हणजे येथे राबत होता तो इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा, आइन्स्टाइन यांच्या 1905 च्या निबंधातला परिणाम. तिला उच्च विद्युतदाब लागे, आणि समोरची गाडी कोणती व रस्त्यावरचा दिवा कोणता हे तिला नीट कळत नसे. पुढे चालकाच्या हाती संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची कळ द्यावी लागली. स्वयंचलित यंत्राला कळ जोडावी लागते तेव्हा अभियंते कोठे अडले आहेत हे ओळखावे.

संध्याकाळ होताच दिवे लावणारी आणि गाडी बंद केल्यावर थोड्या वेळाने विझविणारी व्यवस्था कॅडिलॅकने 1964 च्या गाड्यांत ‘ट्वायलाइट सेंटिनल’ या नावाने आणली. आजच्या स्वयंचलित दिव्यांची खरी पूर्वज ती. या कामासाठी पुढे कॅडमियम सल्फाइडचे प्रकाशरोधक सोयीचे ठरले. त्यांची सर्वाधिक संवेदनशीलता 520 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मानवी डोळ्याच्या 555 च्या बरीच जवळ. परंतु कॅडमियम विषारी. युरोपीय महासंघाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या वापरावर निर्बंध आणले आणि सिलिकॉनने जागा घेतली. सिलिकॉनचा डोळा मात्र वेगळा आहे. त्याला सर्वांत चांगले दिसते ते 900 नॅनोमीटरच्या आसपास, जेथे आपण पूर्ण आंधळे आहोत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

प्रकाश मोजता येणे हा अर्धाच भाग झाला. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, सूर्यास्ताच्या सुमारास काही शे लक्स. मधे कोठेतरी रेघ ओढून ‘याच्या खाली दिवे लागावेत’ असे ठरविले, तर त्या रेघेपाशीच गाडी असताना प्रत्येक झाडाच्या सावलीत दिवे लुकलुकतील. म्हणून रेघा दोन ओढतात. लावण्याची खालची, विझविण्याची वरची. शिवाय काही सेकंदांचा विलंब. ही दोन रेघांची युक्ती इलेक्ट्रॉनिकीत ऑटो श्मिट यांच्या नावाने ओळखली जाते. म्हाकुळाच्या चेतातंतूंचा अभ्यास करताना, तंतू एका मर्यादेपर्यंत गप्प राहून मग एकदम पेटतो हे वर्तन त्यांना विद्युतमंडलात उतरवावेसे वाटले. 1938 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. मोटारीतील दिव्याने म्हाकुळाकडून शिकावे, याची मला अजूनही गंमत वाटते.

आणि तार तुटली तर? येथे आगगाडीचे ऋण आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये, म्हणजे स्मिथ यांच्या पत्राच्या आदल्या वर्षी, बंद रूळमंडलाचे पेटंट घेतले. रुळांतून सतत प्रवाह वाहतो आणि तो सिग्नलच्या रिलेला धरून ठेवतो; गाडी आली, रूळ तुटला, तार निखळली किंवा बॅटरी संपली, काहीही झाले तरी रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. बिघाड झालाच तर सुरक्षित बाजूला व्हावा. मुंबई–हावडा मार्गावर वसलेल्या आमच्या दुर्ग-भिलाईत अर्धी लोकवस्ती रेल्वे आणि पोलाद यांच्या भाषेत बोलते, त्यामुळे येथे हे तत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. स्वयंचलित दिव्यांतही बहुधा हेच पाळतात. संवेदकाची तार तुटली तर नियंत्रकाला ‘अंधार’ वाचता यावा, म्हणजे दिवे लागलेले राहतील. दिवसा दिवे जळाले तर थोडे इंधन जाईल. रात्री विझले तर माणूस जाईल.

एक शब्दाचा घोळ येथेच सोडवू. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच लागलेला राहतो. त्यालाही लोक ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. त्यात संवेदक नाही, निर्णयही नाही. दुचाकी दिवसाही इतरांना दिसावी एवढाच त्याचा हेतू आहे. भर दुपारी त्याचा दिवा जळताना दिसला तर तो बिघाड नव्हे.

भर दुपारी मोटारीचे दिवे जळत राहणे हा मात्र बिघाड असतो, आणि असा एक बिघाड गेल्या मे महिन्यात भिलाईच्या नेहरू नगरात, आमच्या शेजारी, पाहावयास मिळाला. शेजारचे काका पोलाद कारखान्यात विद्युत विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. मूळ घर नागपूरकडचे, भाषा अजून तिकडचीच. त्यांच्या गाडीचे दिवे कळ ‘ऑटो’वर असताना लख्ख उन्हात लागत, पण नेहमी नव्हे. कधी लागत, कधी नाही. एका वर्कशॉपमध्ये डॅशबोर्डावरच्या काळ्या टोपीखालील संवेदकावर मोबाइलचा टॉर्च धरून पाहण्यात आला, दिवे विझले नाहीत, संवेदक ‘गेला’ असा निर्णय झाला आणि नवा बसविण्यात आला. दोष तसाच राहिला.

सिलिकॉनच्या डोळ्याची गोष्ट येथे लागते. या गाडीतील संवेदकावरची टोपी काळी दिसते, कारण ती दृश्य प्रकाश अडविते. अवरक्त मात्र आरपार सोडते. सूर्यप्रकाशात अवरक्त विपुल असते. मोबाइलच्या पांढऱ्या एलईडीत ते जवळजवळ नसते. त्या टॉर्चसमोर हा संवेदक पूर्ण निरोगी असला तरी आंधळाच राहणार. काकांच्या घरी जुना, तंतूच्या बल्बचा टॉर्च होता. पोर्चच्या अंधुक प्रकाशात, दिवे लागलेले असताना, तो टोपीवर धरला आणि काही सेकंदांत दिवे विझले. संवेदक पाहत होता. नवा तर पाहत होताच, जुनाही पाहत असणार असे मानायला जागा झाली.

मग दुसऱ्या बाजूने. रिलेचे संपर्कबिंदू चिकटले असते तर कळ ‘बंद’वर नेल्यानंतरही दिवे जळत राहिले असते. हे चिकटणे कल्पित नाही. हॅलोजन बल्बच्या थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो, म्हणून 55 वॅटचा बल्ब चालू स्थितीत साडेचार अँपिअरच्या आसपास घेत असला तरी पहिल्या क्षणी त्याच्या कित्येक पट घेतो, आणि त्या झटक्याने बिंदू वितळून जोडले जाऊ शकतात. पण येथे कळ फिरविताच दिवे विझत होते. रिले निर्दोष. संवेदकाची जोडणी काढली तर दिवे लागत, म्हणजे ‘तार तुटली तर अंधार’ हा संकेत नियंत्रकाला कळत होता. जोडणीतील संकेताची तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला टेकविली तर ते विझत. नियंत्रकही निर्दोष. दोष उरला तो मधल्या तारांत, आणि तो येतो-जातो असा.

येतो कधी? काकांनी आठवडाभर वहीत नोंद ठेवली होती, कारखान्यातली सवय. सकाळी साडेसातला बाजारात जाताना कधीच नाही. दुपारी बाहेर पडले की बहुधा. संध्याकाळी अर्थातच सांगता येत नाही. वहीवरून उष्णतेचा संशय येतो, आणि स्मिथ यांचे पाण्याचे पात्र आठवते. दुपारी उष्णता असते, पण दुपारी आणखीही काही असते. मे महिन्यात भिलाईत दुपारी कोणी एसीशिवाय गाडी चालवीत नाही. गाडी उन्हात तशीच तापलेली ठेवून एसी बंद केला, दिवे विझले. पंखा पूर्ण वेगाने लावला. काही सेकंदांत लागले. पंख्याचा वेग एक-एक पायरी उतरविला. दुसऱ्या पायरीवर विझले. उष्णता तीच, ऊन तेच. बदलला होता तो फक्त पंखा.

या गाडीत नियंत्रक संकेताच्या तारेला एका रोधातून 5 व्होल्टशी जोडून ठेवतो. संवेदकावर प्रकाश पडला की तो वाहू लागतो आणि संकेत खाली ओढतो. अंधारात संकेत 5 व्होल्टजवळ तरंगतो. उन्हात, पंखा बंद असताना, तो 0.6 व्होल्ट होता. पंखा पूर्ण वेगात असताना 2.4. ऊन बदलले नव्हते, तरी नियंत्रकाला संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती. दोषसंकेत वाचणारे यंत्र लावून पाहिले असता एकही नोंद नव्हती, आणि ते रास्तच होते. बॉशने 1986 मध्ये डेट्रॉइटला मांडलेल्या कॅन जाळ्यामुळे गाडीतील नियंत्रक एकमेकांशी बोलतात, आपापले दोष नोंदवितात. पण नियंत्रक दोष मानतो तो अशक्य मूल्याला. 2.4 व्होल्ट हे अशक्य नव्हे, ते फक्त खोटे होते.

संवेदकाची अर्थची तार पायाजवळच्या पॅनेलमागे एका बोल्टवर येत होती. पूर्वी कधीतरी म्युझिक सिस्टिम बसविताना तारांची फेरजुळणी झाली असावी, कारण पंख्याची जाड अर्थ तारही त्याच बोल्टवर होती. ओमच्या श्रेणीवर मीटरने बोल्ट ते बॅटरी 0.3 दाखविले. त्यावरून काहीच ठरत नाही. मीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकविल्या तरी तो 0.2 ते 0.3 दाखवितो. काका मागून म्हणाले, “मीटर काय पाहून राहिला, करंट चालू दे ना आधी!” कारखान्यात मोठ्या मोटारींच्या जोडण्या तपासलेल्या माणसाचे हे बोलणे. प्रवाह वाहत नसेल तर कुजका सांधाही चांगलाच दिसतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवून, मीटर व्होल्टवर घेऊन, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे संवेदकाच्या अर्थ तारेला लावले. 1.8 व्होल्ट. तेथे एक दशांश व्होल्टही असता कामा नये.

पुढचे गणित शाळेतले आहे. पंखा सुमारे 18 अँपिअर घेत होता, 1.8 ला 18 ने भागले की 0.1 ओम. एवढ्याशा रोधाने केलेली करामत अशी की संवेदकाच्या पायाखालची जमीनच 1.8 व्होल्ट वर उचलली गेली, आणि त्याचा 0.6 व्होल्टचा खरा संकेत नियंत्रकापाशी 2.4 होऊन पोचला. संवेदक खरे सांगत होता, नियंत्रक बरोबर ऐकत होता. दोघांची शून्याची कल्पना वेगळी झाली होती. शिवाय 1.8 गुणिले 18 म्हणजे 32 वॅट उष्णता त्या बोल्टपाशी जिरत होती, जवळजवळ सोल्डरिंगच्या लोखंडाएवढी. पॅनेल काढले तेव्हा तारांच्या टोकांवरचे प्लॅस्टिक तपकिरी झालेले होते आणि बोल्टखाली रंगाचा थर व गंज होता. दिवे दिवसा लागतात ही तक्रार गमतीची होती. तिच्यामागे उभी असलेली ही भाजलेली जोडणी गमतीची नव्हती. डॅशबोर्डामागे लागणाऱ्या आगी अशाच सांध्यांतून सुरू होऊ शकतात. दिव्यांचा उपद्रव झाला नसता तर तिकडे कोणी पाहिले नसते.

पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत घासला, नवी लग बसविली, संवेदकाची अर्थ तार वेगळ्या बोल्टवर नेली. पंखा पूर्ण वेगात असताना मोजले: 0.03 व्होल्ट. दुपारी दोन वाजताच्या उन्हात, एसी चालू ठेवून, काकांनी नेहरू नगरच्या रस्त्यांवर तीन फेऱ्या मारल्या आणि दिवे विझलेलेच राहिले.

वर्कशॉपने बदललेला जुना संवेदक काकांनी डब्यात जपून ठेवला होता. तो घरी आणून 5 व्होल्टच्या पुरवठ्याला एका रोधातून जोडला. गच्चीवरच्या उन्हात 0.6 व्होल्ट, मुठीत झाकला की 4.9, मोबाइलच्या टॉर्चसमोरही जवळजवळ 4.9. दूरदर्शनच्या रिमोटचे बटण त्याच्यासमोर दाबले तर मीटरवरचा आकडा थरथरू लागतो. शेजारच्या अकरावीतल्या दोन मुलांनी तो सध्या नेला आहे. पाण्याच्या ग्लासातून अवरक्त किती कमी होते, ते त्यांना मोजायचे आहे.